पेवावरचे पंजे

फाल्गुन वद्य पंचमी, शके १८६५

ही वही शेजारच्या दस्तगीरनं सोलापुराहून आणून दिली. म्हणाला, तू झोपेत बडबडतोस, त्यापेक्षा लिहून टाक आणि मला झोपू दे. माझी शाळा चौथीपर्यंत, ती पण निम्मी उर्दूत. ठाणाकुशनूरचे मास्तर छड्या मारायचे तेव्हा उजव्या हाताला पाच बोटं होती. आता चार. करंगळी गिरणीच्या पट्ट्यात गेली. लेखणी धरता येते, तेवढं पुरे.

मी अंकुश, मूळचा भालकीकडच्या चिंताकीचा. सात वर्षं सोलापूरच्या गिरणीत काढली, आता गाणगापूरपासून तीन कोसांवर या माळावर आलोय. आई, कलाबाई आणि दोन वर्षांची पोरगी तिकडं चिंताकीत चुलत्याच्या ओसरीवर आहेत. इथून तिथं जायचं म्हणजे गाड्या बदलत दोन दिवस. हा कुठंच टिकत नाही, असं चुलता चारचौघांत म्हणतो. इथं टिकून दाखवायचं आहे.

इथं काय चाललंय ते लिहून ठेवतो. सिद्धलिंगप्पा म्हणजे आमचे अप्पा. सोलापुरात सुताचं दुकान होतं त्यांचं. बसवण्णांचे भक्त. आमच्या चाळीत येऊन बसायचे आणि म्हणायचे, भिंतीला भिंत लावून राहता, पण पलीकडचा उपाशी झोपला तर तुम्हाला कळतं का? मग एक दिवस म्हणाले, जमीन मिळाली, ज्याला यायचं त्यानं चला. वीस एकर काळी आहे, वर थोडा माळ. गेल्या भादव्यात आलो, पहिली ज्वारी पेरली, आता खळं झालं.

पाच घरं गोलात, मध्ये अंगण, एक विहीर, एक चूल. दाराला कडी आहे, कुलूप नाही. वेगळी चूल मांडेल तो बाहेर, हा अप्पांचा नियम. एका घरात अप्पा आणि त्यांची मावशी मल्लव्वा, जिनं त्यांना लहानाचं मोठं केलं. तिला सगळे अव्वा म्हणतो. दुसऱ्यात ईरण्णा गवंडी आणि त्याची बायको शरणम्मा. तिसऱ्यात दस्तगीर एकटा, माझ्यासारखाच गिरणीतला. चौथं माझं. पाचव्याला अजून वरचं मातीचं धाबं नाही.

चैत्र शुद्ध नवमी

ज्वारी साठवायचं पेव खणून झालं. अंगणाच्या मधोमध, मुरूम लागतो तिथं. वरचं तोंड एवढुसं की माणूस खांदे आवळून उतरेल, आणि आत रांजणासारखं फुगत गेलेलं, दोन पुरुष खोल. तळाला आणि कडेनं कडबा आणि लिंबाचा पाला लावला. ईरण्णा आत उतरून बोलायला लागला तर आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. तो खालून म्हणाला, शरणे, मी हितंच ऱ्हातो, वरून भाकरी सोडत जा. शरणम्मा म्हणाली, सोडते की, दगड बांधून.

सगळे हसलो. अव्वा हसली नाही. ती पेवाच्या जवळ येतच नाही, लांब उंबऱ्यावर बसते. मला ती तम्मा म्हणते, कानडीत धाकटा भाऊ. म्हणाली, "तम्मा, तू गिरणीतला हाईस, म्हणून सांगते. पेव उघडल्या उघडल्या उतरायचं न्हाई. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं. मग दिवा सोडायचा. दिवा इझला तर माणूस बी इझतंय." तिचा नवरा कसा गेला ते मी विचारलं नव्हतं. शरणम्मानं मागून सांगितलं, असाच पेवात उतरून.

वैशाख शुद्ध तृतीया

बसवजयंती. आज पेव भरून तोंड बंद केलं. पावसाळ्यापुरती ज्वारी वर कणगीत ठेवली, बाकी सगळी खाली. अप्पांनी सांगितलं, आता हे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येलाच उघडायचं, सगळ्यांनी उभं राहून. मधे कुणी हात लावायचा नाही. तोंडावर फरशी ठेवली, वर शेणमाती लिंपली, आणि ओल्या मातीवर चार घरांच्या चौघांनी पंजे उठवले. अप्पांचा वर, खाली ईरण्णाचा, डावीकडं दस्तगीरचा, उजवीकडं माझा. पावसानं जाऊ नयेत म्हणून वर छपरी केली.

अप्पा म्हणाले, कुलपाची किल्ली चोरता येते, हात चोरता येत नाही. मला ते फार पटलं.

माझा पंजा बघून अव्वा पहिल्यांदा हसली. चौबोट्या म्हणाली. दिवसभर तेच. चौबोट्या, पाणी आण. चौबोट्या, जेव. ती वाढते तेव्हा माझ्या ताटात चार बोटांचीच चटणी पडते, असं ईरण्णा म्हणतो.

वैशाख वद्य दशमी

कलाबाईचं पत्र. लिहिणारे ठाणाकुशनूरचे तेच मास्तर, त्यामुळं सप्रेम नमस्कार विनंती विशेष वगैरे अर्धं पान गेलं. खाली मास्तरांनी लिहिलंय, आपले कुटुंब विचारीत आहे की तेथे चूल एकच असल्यास सुनेने बोलणी कोणाची खावीत? हे तिचंच. वाचताना तिचा आवाज ऐकू आला.

त्याच्या खाली एक ओळ होती. ओसरीवर आता चुलत्याच्या जावयाची खाट आली आहे. एवढंच. तक्रार नाही.

ज्येष्ठ शुद्ध द्वादशी

आज जहागीरदाराचा कारभारी तट्टावर बसून आला. वस्ती बघायला आला असं अप्पा म्हणाले. आमचं नाव लांबवर गेलेलं दिसतं. त्यानं सगळी घरं बाहेरून चालत काठीनं मोजली, विहिरीत डोकावला, पेवाच्या छपरीखाली वाकून बघितलं. मी पुढं होऊन सगळं समजावून दिलं, पाचवं घर कधी होणार तेही. तो म्हणाला, छान बांधताय, बांधा बांधा.

अप्पा तेवढा वेळ डोक्याचा रुमाल हातात घेऊन उभे होते. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, स्वतःच्या जमिनीवर पाहुण्यासमोर असा उभा राहतो. मला जमलं नसतं. दस्तगीरला हे बोललो तर तो बिडी ओढत नुसता माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, तू लिखता कायकू, बघत जा ना.

आषाढ वद्य

तिथी आठवत नाही. पाऊस नाही. लिहिण्यासारखंही काही नाही.

श्रावण शुद्ध षष्ठी

पाऊस दोन सरी देऊन गेला तो गेलाच. मूग हातचे गेले. रिकामं बसण्यापेक्षा घरांना फरशी आणावी असं अप्पांनी काढलं. शहाबादला खाणीवर ईरण्णाच्या ओळखीचे लोक आहेत, काम करून द्यायचं आणि बदल्यात फरशी घ्यायची. उद्या दोन गाड्या घेऊन ईरण्णा, शरणम्मा, दस्तगीर आणि मी निघणार. इथं अप्पा आणि अव्वाच राहणार. मी म्हणालो, एक जण राहू द्या. अप्पा म्हणाले, अंगणात चार पंजे आहेत ना राखणीला.

श्रावण वद्य चतुर्थी

बारा दिवसांनी परत आलो. पाठ मोडली, पण फरशी चांगली मिळाली. दस्तगीरला चौथ्या दिवशीच खाणीवर थंडीताप भरला, त्याला शहाबादहून आगगाडीत बसवून दिलं होतं. तो आमच्या आधी आठ दिवस इथं पोचलेला. बरा दिसतोय, पण बोलत नाही. माझ्याशीसुद्धा.

श्रावण वद्य पंचमी



सकाळी छपरी झाडायला गेलो. लिंपण नीट वाळलेलं, चारी पंजे जागच्या जागी. उजवीकडच्यावर सहज माझा हात ठेवून बघितला. माझ्या जागच्या पंजाला पाच बोटं आहेत.

पुन्हा मोजली. पाच. करंगळी थोडी आत वळलेली, पण आहे.

कुणीतरी पेव उघडलं आणि परत बंद केलं.

दिवसभर कुणाला बोललो नाही. जेवताना सगळ्यांच्या हातांकडं बघत होतो. अव्वानं भाकरी वाढली, तिची वाकडी करंगळी भाकरीखाली टेकलेली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, जसं काही विचारायचं आहे. मी मान खाली घालून जेवलो.

श्रावण वद्य षष्ठी

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, तू गडबडीत दोनदा हात लावला असशील. मी हात पुढं केला. अप्पा, दोनदा लावला तरी करंगळी कुठून येईल? तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, कुणाला सांगू नकोस, मी बघतो. त्यांचे हात गार होते.

मी रानात गेलो आणि विचार केला. आम्ही सगळे शहाबादला. अप्पांवर शंका घ्यायची तर माझ्या जिभेला किडे पडतील. अव्वा म्हातारी, पेवाजवळ फिरकत नाही. आठ दिवस आधी परत आला तो एकच. त्याची बहीण अफझलपूरला चार पोरं घेऊन उपाशी आहे, हे त्यानंच मला सांगितलेलं. ताप खरा होता का, तेही मला आता सांगता येत नाही.

ही वही त्यानं दिलेली. तिच्यात हे लिहितोय.

श्रावण वद्य दशमी

मला राहवलं नाही. ईरण्णाला बोललो, ईरण्णा शरणम्माला, आणि संध्याकाळी चुलीपाशी सगळे बसले. ईरण्णाला तरी खोटं वाटत होतं. त्यानं चेष्टेवर न्यायला बघितलं, म्हणाला, पेवालाच बोट फुटलं असंल. कुणी हसलं नाही.

मी दस्तगीरला सरळ विचारलं, तू आधी आलास, तेव्हा पेव बंद होतं का उघडं?

दस्तगीर म्हणाला, "अप्पाकू पूछ."

मी म्हणालो, अप्पांना कामून मधी आणायलास, तुला विचारलंय. तो परत तेच म्हणाला. मला ते उद्धट वाटलं. सगळ्यांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांची मान खाली होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसतसुद्धा नव्हते. दस्तगीर आईबापाविना वाढलेला, अप्पांच्या दुकानातच सुताच्या गठ्ठ्यांवर निजायचा. लेकासारखा धरलेला माणूस असा निघाल्यावर कुणाला रडू येणार नाही.

अप्पा काहीच बोलत नाहीत असं बघून दस्तगीर उठला. वाकून अप्पांच्या पायांना हात लावला. त्याच्यात असं करत नाहीत, तरी लावला. मग घरात जाऊन चादर आणि तांब्या घेऊन बाहेर आला. माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "भाभीकू बुलानेके पैले बघून घे."

दार उघडंच टाकून गेला. कुलूप नाहीच म्हणा.

अव्वा जेवली नाही.

भाद्रपद वद्य द्वादशी

पेव उघडून बघावं, असं ईरण्णा म्हणतो. अप्पा म्हणतात, सगळ्यांनी शब्द दिलाय, वेळा अमावस्येआधी नाही. एकानं मोडला म्हणून आपण मोडायचा का. जे गेलं ते गेलं, एका माणसानं किती नेलं असंल. त्यांचं बोलणं ऐकलं की माणसाला आपल्या संशयाची लाज वाटते. ईरण्णानं विषय सोडला, पण रात्री त्यानं दाराला आतून दगड लावला. मला आवाज आला.

रब्बीची पेरणी उरकली. ओल आहे थोडी.

आश्विन, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

अप्पांनी दस्तगीरचं घर मला दिलं. म्हणाले, तुझी आई आली की तिला जागा लागेल, मधली भिंत फोडून दार कर. मी नको म्हणायला पाहिजे होतं का? दोन घटका विचार केला आणि पहार घेतली.

कोनाड्यात त्याचा मागावर सूत फिरवायचा धोटा सापडला, गिरणीतला, लाकडी. टोकाला पितळ. तो मी वर आढ्यात खोचून ठेवला.

आज कलाबाईला पत्र टाकलं. वेळा अमावस्येला या, दोन घरं आहेत, त्या दिवशी पेव उघडणार.

कार्तिक शुद्ध एकादशी

अव्वानं मला गोठ्यात गाठलं. माझा उजवा हात उचलला, बोटं मोजल्यासारखी एकेक दाबली आणि म्हणाली, बायकोला बोलवू नको इतक्यात. मी विचारलं, कामून? तर म्हणाली, कणगीत हात घालून बघ. मी म्हणालो, कणगी सरली तर पेव आहे की. ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं मास्तर बघायचे, पाढा येत नसला की.

म्हाताऱ्या माणसांना नवं माणूस घरात नको असतं. आईचंही असंच होतं कलाबाई आली तेव्हा.

कार्तिक वद्य द्वादशी

कणगीचा तळ दिसायला लागला. भाकरी आता अशी की तिच्यातून चुलीचा जाळ दिसावा. अप्पा एकदाच जेवतात. कारभारी परत येऊन गेला, मी रानात होतो. शरणम्मा म्हणते, अप्पा त्याच्या तट्टामागं बांधापर्यंत पळत गेले. काहीतरी विसरला असेल तो.

मार्गशीर्ष वद्य पंचमी

पत्र. मास्तरांनी या वेळी नमस्कारसुद्धा लिहिलेला नाही. चुलत्याशी भांडण होऊन आई आणि कलाबाईनं ओसरी सोडली आहे. गाडगी-मडकी शेजारी वाटून टाकली. भालकीहून गाडीत बसणार, अमावस्येला दिवस मावळायच्या आत पोचतील. पत्र सात दिवस जुनं आहे. आता त्यांना परत जायला घर नाही आणि थांबा म्हणायला मला पत्ता नाही.

पण थांबा कामून म्हणायचं? येऊ द्यात की.

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी

अमावस्या परवावर आली. भज्जी, आंबील, उंडे, सगळ्याला पीठ पाहिजे. अव्वा सकाळपासून म्हणते, आज तोंड उघडा, म्हणजे उद्या उतरता येईल. अप्पा म्हणाले, उद्या. दुपारी परत म्हणाली. अप्पा म्हणाले, उद्या म्हटलं ना. मावशीवर आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी

जसं झालं तसं लिहितो.

पहाटे अप्पांनी आंघोळ केली, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केली. उठले, परत बसले, दुसऱ्यांदा पूजा केली. मग सगळ्यांना छपरीत बोलावलं. लिंपण फोडायला मला सांगितलं. पहिला घाव मी त्या पाच बोटांवरच घातला. फरशी सरकवली तसा आतून उबट, आंबूस वास आला. ईरण्णा मागं सरला.

अप्पांनी कमरेला दोर बांधायला घेतला. मी म्हणालो, अप्पा, दिवसभर थांबायचं असतं. ते म्हणाले, पाहुणे उद्या येणार, दळायचं कधी? मी म्हणालो, मग मी उतरतो. ते म्हणाले, नाही, पहिल्यांदा मी बघणार. मी कंदील आणायला निघालो तर म्हणाले, त्यात रॉकेल नाही. अव्वा चुलीपाशी होती, तिच्याजवळ तेलाचा दिवा होता. ते म्हणाले, तो राहू दे तिथंच.

अव्वा उठली नाही. तिनं पदर तोंडावर घेतला.

दोर माझ्या हातात देताना अप्पा हळू बोलले, मला एकट्यालाच ऐकू येईल असं. "काय बी झालं तरी लगेच माझ्यामागं कुणी उतरायचं न्हाई. उद्या. दिवा सोडून. आणि तूच उतर, दुसरं कुणी नको."

एवढं माहीत होतं तर मग.

खांदे आवळून ते आत गेले. दोर सरकत होता. मग सैल पडला. मी हाक मारली. ईरण्णानं मारली. ओढून बघितला तर मोकळाच वर आला. खाली जाऊन त्यांनी गाठ सोडली होती. ईरण्णा उडी टाकायला निघाला, शरणम्मानं त्याच्या कमरेला मिठी घातली आणि मी त्याच्या पायांवर पडलो. त्यानं मला लाथा घातल्या, मी सोडलं नाही.

आता दिवस मावळलाय. पेव उघडं आहे. आम्ही चौघं भोवती बसलोय. आतून काहीही आवाज येत नाही.

वेळा अमावस्या

शेजारच्या रानांतून माणसं जेवायला एकमेकांना हाका मारतायत. आजच्या पूजेचे पांडवांचे पाच दगड आम्ही परवा चुन्यानं रंगवून ठेवलेले, ते तसेच.

सकाळी दिवा सोडला. विझला नाही. मी उतरलो.

अप्पा तळाला मांडी घालून, पाठ टेकवून बसले होते. आमच्यात निजवतात, त्यांच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवूनच पुरतात. मी त्यांच्याशेजारी दिवा ठेवला आणि वर बघितलं. तोंड ताटाएवढं दिसत होतं. मग चहूकडं बघितलं.

पेवात ज्वारी नाही. तळाला वीतभर, काळी पडून आंबलेली. कडेला कडबा. बाकी मोकळं. माझा श्वास घुमत होता. एवढं एका माणसाला चादरीत बांधून नेता येत नाही. एवढ्याला गाड्या लागतात.

वरून ईरण्णानं विचारलं, किती हाय रं खाली?

मला कलाबाई दिसली, भालकीच्या फलाटावर, कडेवर पोरगी. आई गाठोड्यावर बसलेली.

मी म्हणालो, "पुरंल."

त्यांना वर घेतलं. अंगाला चिकटलेले दाणे झाडून काढले. विधीला गाणगापूरहून जंगम येईपर्यंत दुपार झाली. बांधाजवळ खड्डा काढून बसवलं. माती लोटताना ईरण्णा पोरासारखा रडला. म्हणाला, आमच्या पोटासाठी गेला बघ. मी मान हलवली.

परतताना अव्वा मागं राहिली, मी तिला धरून आणलं. चालता चालता ती म्हणाली, "ती पाच बोटं मी उठवली, तम्मा."

मी थांबलो.

"जहागीरदाराच्या गाड्या आल्या, दोन रात्री भरल्या. जमीन त्याची हाय, निम्मा वाटा त्याचा. पयल्या साली पीक यायच्या आधीच बांधायला उचल घेतलेली, म्हणून समदंच नेलं. परत लिंपताना बाकीचे तिन्ही पंजे सिद्धूनंच उठवले. मला म्हणला, अंकुशच्या जागी तू हात लाव, माझा मोठा दिसंल. करंगळी मुडप म्हणला. मी मुडपली न्हाई. रोज वाढते तुला, मी काय तुझी बोटं इसरंन व्हय? म्हणलं, पोरगं मोजंल आणि समजंल. तर तू दस्तगीरकडं बघितलास."

मी म्हणालो, तोंडानं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मी वाढवलेला हाय तो."

दिवस मावळायला गाडी आली. आई थकून गेलेली. कलाबाईनं अंगणात उतरून गोल फिरून बघितलं, पाच दारं, विहीर, चूल. पोरगी छपरीकडं पळाली, मी ओरडलो, ती घाबरून रडली. कलाबाई म्हणाली, येता येताच कामून ओरडायलाव? मग चुलीकडं बघून म्हणाली, जाळ का नाही? मी सांगितलं, घरात मयत झालंय.

तिनं पदर खोचला आणि अव्वाशेजारी जाऊन बसली.

पौष शुद्ध तृतीया

कारभारी आला. अप्पांचं ऐकून तो चुकचुकला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, सिद्धलिंगप्पाच्या जागी कोण उभा राहणार? कुणी नसेल तर घरं मोकळी करा, दुसरी माणसं आहेत. वाटा तसाच राहील. कलाबाई ओसरीत पोरीचं डोकं विंचरत होती. आईनं दस्तगीरच्या कोनाड्यात देव मांडलेत.

मी म्हणालो, मी.

किती वेळानं लक्षात आलं की रुमाल माझ्या हातात होता.

पौष शुद्ध पंचमी

रब्बी बरी आहे. हुरड्याला महिना, सुगीला दोन. वाटा देऊन राहील त्यातलं पेवात टाकायचं, म्हणजे तळ झाकेल. पुढच्या साली आणखी. दोन साली पाऊस नीट पडला तर भरून निघेल आणि मग कुणाला कळायचं कारणच नाही. तोवर मी आणि ईरण्णा शहाबादला खाणीवर जाऊ, तिथून दाणे आणू. ईरण्णाला सांगितलंय, पेवात ओल शिरली आहे, आत्ता काढलं तर सगळं खराब होईल, पाडव्यापर्यंत बंद ठेवू. त्याला पटलं. तो म्हणतो, तू अप्पासारखा बोलायला लागलास.

दस्तगीरला पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं. ते वहीत ठेवलंय. आत्ता पाठवलं तर तो येईल, आणि तो आला की ईरण्णा विचारेल, मग नेलं कुणी? पाडवा झाला की पाठवतो.

पौष शुद्ध सप्तमी

आज पेव बंद केलं. फरशी ठेवली, शेणमाती लिंपली. कलाबाईला ही रीत फार आवडली. म्हणाली, कुलपापेक्षा हे बरं, हात चोरता येत नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अप्पांच्या जागी, वर, माझा पंजा उठवला. खाली ईरण्णाचा. उजवीकडं, माझी जागा होती तिथं, कलाबाईचा. मी अव्वाला विचारलं, तुझा? ती उंबऱ्यावर हात पदरात घेऊन बसली होती. म्हणाली, "माझा एकदा उठलाय."

डावीकडची दस्तगीरची जागा रिकामी दिसायला लागली. मग पोरीला उचललं, तिचा हात धरून ओल्या मातीत दाबला. माती गार लागली म्हणून ती हसली.

पाचही बोटं नीट उमटली.